रंगमंचावरचे हसू पडद्यावर उतरताना

नाटकावरून चित्रपट काढणे हे काम वरवर पाहता सोपे वाटते. कथानक तयार, पात्रे तयार, शेकडो प्रयोगांतून तावूनसुलाखून निघालेले संवाद तयार; दिग्दर्शकाने कॅमेरा लावायचा आणि कलावंतांना उभे करायचे, एवढेच काय ते बाकी. शोकांतिकांच्या बाबतीत हा हिशेब पुष्कळसा जुळतोही. विशाल भारद्वाज यांनी ‘मॅकबेथ’वरून ‘मकबूल’ (२००३), ‘ऑथेल्लो’वरून ‘ओमकारा’ (२००६) आणि ‘हॅम्लेट’वरून ‘हैदर’ (२०१४) केला, तेव्हा स्कॉटलंडच्या जागी मुंबईचे गुन्हेगारी विश्व आले, व्हेनिसच्या जागी उत्तर प्रदेशातील बाहुबलींचा मुलूख आला, डेन्मार्कच्या जागी काश्मीर आले. पण सत्तेची हाव, संशय आणि सूड यांना भाषांतराची गरज भासली नाही. विनोदी नाटकाचे तसे नसते. माणूस कशाने रडतो हे चारशे वर्षांत फारसे बदललेले नाही. कशाला हसतो, हे मात्र दर दोन पिढ्यांनी बदलते.

तरीही अभिजात सुखात्मिकांवर बेतलेले चित्रपट आजही निघतात, आणि मोठ्या संख्येने निघतात. त्यांतील बहुतेक वर्षभरात विस्मरणात जातात. एखादा ‘अंगूर’ चार दशकांनंतरही दूरचित्रवाणीवर लागला की घरातली तीन पिढ्यांची माणसे समोर बसतात. हा फरक कशामुळे पडतो, हे तपासण्यासारखे आहे.

पहिली अडचण तंत्राची आहे. रंगमंचावरचा विनोदी नट प्रेक्षकांच्या साथीने बोलतो. हशा पिकला की तो थांबतो, हशा ओसरू लागला की पुढचे वाक्य टाकतो. चित्रपटात हे थांबणे संकलकाला आधीच ठरवावे लागते. जास्त थांबला तर प्रसंग ढिला पडतो, कमी थांबला तर पुढचे वाक्य हशात बुडते. मार्क्स बंधूंनी यावर मोठा व्यवहारी उपाय शोधला होता. ‘अ नाइट अॅट दि ऑपेरा’ (१९३५) या चित्रपटातील विनोदी प्रवेश त्यांनी चित्रीकरणापूर्वी गावोगावच्या रंगमंचावर करून पाहिले आणि कोणत्या वाक्याला किती हशा येतो याचा अंदाज घेतला. दुसरी गोष्ट संकेतांची. नाटकात नायिकेने पुरुषी अंगरखा चढवला की तिला कोणी ओळखत नाही, हे आपण तिकीट काढतानाच मान्य केलेले असते. कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो आणि हा करार मोडतो. मायकेल फ्रेन यांचे ‘नॉइजेस ऑफ’ हे नाटक १९८२ साली रंगभूमीवर आले. नाटकाच्या पडद्यामागे चाललेला गोंधळ हाच त्याचा विषय. पीटर बोग्दानोविच यांनी १९९२ साली त्यावर चांगल्या नटसंचासह चित्रपट केला, पण जिवंत माणसे डोळ्यांदेखत धडपडत आहेत, ही त्यातली गंमत पडद्यावर उतरली नाही. पडद्यावर चूक झाली तर पुन्हा चित्रीकरण करता येते, हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

परंतु तंत्राच्या अडचणी कुशल दिग्दर्शक सोडवतो. खरी अडचण आशयाची आहे. जुन्या सुखात्मिका आपण समजतो तितक्या निरुपद्रवी नाहीत. हसता हसता पायात रुतावा असा एखादा काटा त्यांच्यात हमखास असतो. ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये फाशीची शिक्षा झालेला बाप आहे. ‘द टेमिंग ऑफ द श्रू’मध्ये बायकोला उपाशी ठेवून वठणीवर आणणारा नवरा आहे. ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये भर लग्नमंडपात चारित्र्यावर चिखलफेक झालेली मुलगी आहे. हा काटा नव्या काळात जशाचा तसा ठेवता येत नाही; काढून टाकला तर नाटकाचा जीव जातो. रूपांतरकाराने त्याचे काय केले, यावरच पुढचे बरेच काही ठरते.

‘द कॉमेडी ऑफ एरर्स’पासून सुरुवात करू. शेक्सपिअरच्या नाटकांत हे सर्वांत लहान. २८ डिसेंबर १५९४ रोजी लंडनच्या ग्रेज इन या विधी महाविद्यालयवजा संस्थेत त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. मूळ बीज प्लॉटस या रोमन नाटककाराचे. प्लॉटसने जुळ्या भावांची एकच जोडी ठेवली होती. शेक्सपिअरने त्यांच्या नोकरांचीही जुळी जोडी आणून गोंधळ दुप्पट केला. पण नाटक उघडते ते हास्याने नव्हे. सिरॅक्यूजचा इजिअन नावाचा वृद्ध व्यापारी शत्रुनगरी एफिससमध्ये सापडला आहे. कायद्यानुसार एक हजार मार्क दंड भर, नाही तर मर. राजाला त्याची करुण कहाणी ऐकून दया येते आणि सूर्यास्तापर्यंतची मुदत मिळते. त्यानंतरचा सारा धुडगूस या मुदतीच्या आत घडतो. प्रेक्षक पोट धरून हसत असताना गावाच्या एका कोपऱ्यात एक बाप मरणाची वाट पाहत असतो.

भारतात हे नाटक फार लवकर रुजले. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी १८६९ साली ते ‘भ्रांतिविलास’ या नावाने बंगाली गद्यात आणले, आणि १९६३ साली त्यावरून त्याच नावाचा बंगाली चित्रपट निघाला. उत्तमकुमार यांची त्यात दुहेरी भूमिका होती. १९६८ साली किशोरकुमार आणि असित सेन यांना घेऊन ‘दो दूनी चार’ आला. त्याची पटकथा गुलजार यांची होती. तो चित्रपट फारसा चालला नाही. गुलजार यांनी मात्र विषय सोडला नाही. चौदा वर्षांनी, १९८२ साली, स्वतःच दिग्दर्शन करून त्यांनी ‘अंगूर’ आणला.

‘अंगूर’मध्ये मृत्युदंड नाही. लोकशाही राज्यात परगावच्या व्यापाऱ्याला केवळ गावात पाऊल टाकल्याबद्दल फाशी देता येत नाही, तेव्हा तो काढणे भागच होते. पण गुलजार यांनी शिक्षा काढली, भीती काढली नाही. येथे त्यांची खरी करामत दिसते. मूळ नाटकात परगावाहून आलेला अँटिफोलस अनोळखी माणसांनी नावाने हाक मारताच घाबरतो. हे गाव चेटकिणी आणि मांत्रिकांनी भरलेले आहे, असे त्याला वाटते. सोळाव्या शतकातल्या प्रेक्षकाला ही भीती पटणारी होती. १९८२ सालच्या सुशिक्षित, खिशात रोकड घेऊन द्राक्षाचा मळा विकत घ्यायला निघालेल्या अशोकला चेटकिणीची भीती कशी वाटावी? गुलजार यांनी त्याला रहस्यकथांचा व्यसनी वाचक केले. अनोळखी बाई ‘अहो’ म्हणून हाताला धरते, सोनार हार आणून देतो, टॅक्सीवाला ओळख दाखवतो, आणि अशोकला खात्री पटते की आपल्या पैशांवर टपलेली ही एक टोळी आहे. चेटकिणीची जागा ‘गँग’ने घेतली. एवढ्या एका बदलाने सबंध नाटक आपल्या मातीत उभे राहिले.

या बदलाचा आणखी एक फायदा झाला. जुळ्यांच्या कथेत प्रेक्षकाला सतत एक शंका छळते: या माणसाला आपला भाऊ हरवला आहे हे ठाऊक असताना, तोच या गावात असेल असे त्याच्या मनात का येत नाही? शेक्सपिअरने हा प्रश्न सोडूनच दिला. ‘अंगूर’च्या अशोकपाशी मात्र उत्तर तयार आहे. ज्याला प्रत्येक गोष्टीत कट दिसतो, त्याला साधे सरळ स्पष्टीकरण सुचतच नाही. (समाजात अशी माणसे आजही कमी नाहीत, हा भाग वेगळा.)

आणि संजीवकुमार! हिंदी चित्रपटात दुहेरी भूमिका म्हटली की एक भित्रा आणि एक धीट, एक साधी आणि एक बंडखोर, असा ठरलेला साचा असे. ‘राम और श्याम’ (१९६७) आणि ‘सीता और गीता’ (१९७२) यांनी तो पक्का केला होता. ‘अंगूर’मध्ये दोघेही मध्यमवयीन, दोघेही सभ्य, दोघेही चिडखोर. फरक इतकाच की एकाची चिडचिड संसाराला कंटाळलेल्या गृहस्थाची आहे, तर दुसऱ्याची संशयाने पछाडलेल्या ब्रह्मचाऱ्याची. मिशा लावून वा भांग बदलून फरक दाखवण्याचा मोह टाळून, केवळ नजर आणि आवाजाची पट्टी यांवर दोन माणसे उभी करणे हे सोपे काम नव्हे. देवेन वर्मा यांच्या दोन बहादुरांना तर त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट विनोदी अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. भांग घातलेल्या भज्यांचा प्रसंग शेक्सपिअरच्या संहितेत कुठेही नाही, आणि तो नसल्याची खंत शेक्सपिअरलाही वाटली असती. मराठी रसिकांना आठवत असेल, गृहस्थ अशोकचे जिच्याकडे जाणेयेणे आहे त्या अलकाची भूमिका पद्मा चव्हाण यांनी केली होती. पत्नी सुधाचा मत्सर, तिची हारासाठीची भुणभुण आणि त्यामागची असुरक्षितता मौशुमी चटर्जी यांनी जराही खलनायकी न करता दाखवली. मूळ नाटकातील एड्रियानाचे गाऱ्हाणेही हेच आहे: पुरुषांना बाहेर मोकळीक आणि आम्ही जेवण थंड होऊ नये म्हणून वाट पाहायची. ते गाऱ्हाणे गुलजार यांनी हरवू दिले नाही.

याच कथेवर २०२२ च्या डिसेंबरात रोहित शेट्टी यांचा ‘सर्कस’ आला. रणवीर सिंग आणि वरुण शर्मा यांच्या दुहेरी भूमिका, साठच्या दशकाचा रंगीबेरंगी थाट, भलामोठा नटसंच. येथे जुळी मुले समुद्रात हरवत नाहीत. संगोपनाविषयीचा सिद्धांत पडताळून पाहण्यासाठी एक डॉक्टरच त्यांची अदलाबदल करतो. कल्पना म्हणून ती वाईट नव्हती. पण मग कोणाला कशाचीच भीती उरत नाही. मुदत नाही, फाशी नाही, टोळीही नाही. गैरसमज वाढला तर कोणाचे काय बिघडणार, हेच कळत नाही. चित्रपट तिकीटबारीवर आपटला. त्याची कारणे अनेक सांगितली गेली, पण काटा काढून टाकला की गुलाबाचे काय होते याचे हे बऱ्यापैकी उदाहरण आहे.

‘द टेमिंग ऑफ द श्रू’चा काटा याहून कितीतरी खोल रुतलेला. मराठी रंगभूमीला हे नाटक परके नाही. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी त्याचे ‘त्राटिका’ हे रूपांतर केले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते गाजवले. गणपतराव जोशी प्रतापराव होत आणि बाळाभाऊ जोग त्राटिका. कजाग स्त्रीला रामायणातल्या राक्षसीचे नाव देण्यातच त्या काळाचा दृष्टिकोन आला. पेट्रुकियो हुंड्याच्या लोभाने कॅथरिनाशी लग्न करतो, तिला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, सूर्याला चंद्र म्हणायला लावतो; आणि अखेरीस ती चव्वेचाळीस ओळींचे भाषण करून पतीची आज्ञा पाळणे हेच स्त्रीचे कर्तव्य असल्याचे इतर बायकांना सांगते. शेक्सपिअरच्या काळातही हे सर्वांना मानवले होते असे नाही. जॉन फ्लेचर या त्याच्याच सहकारी नाटककाराने पुढे एक उत्तर-नाटक लिहिले. त्यात पेट्रुकियोची दुसरी बायको त्यालाच सरळ करते.

एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. शेक्सपिअरच्या रंगमंचावर ही कॅथरिना म्हणजे एक मुलगा होता, जसे आपल्याकडे बाळाभाऊ जोग होते. शिवाय हे सारे कथानक म्हणजे एका दारुड्याची थट्टा करण्यासाठी त्याच्यापुढे सादर होणारे नाटकातले नाटक आहे. शरणागतीचे ते भाषण असे दोन पडद्यांआडून येत होते. चित्रपटांनी दारुड्याचा भाग बहुधा गाळला, आणि भाषण खऱ्या अभिनेत्रीच्या तोंडी, जवळून घेतलेल्या दृश्यात आले. थट्टेची सोय गेली. उरला तो शब्दशः अर्थ.

मग दिग्दर्शकांनी पळवाटा शोधल्या. १९२९ सालच्या बोलपटात मेरी पिकफर्ड हे भाषण करते आणि शेवटी बहिणीकडे पाहून हळूच डोळा मिचकावते. सारे ढोंग होते, हे एका क्षणात कळते. १९६७ साली फ्रँको झेफिरेल्ली यांच्या चित्रपटात एलिझाबेथ टेलर यांनी डोळा मिचकावला नाही. भाषण त्यांनी गंभीरपणे केले. मात्र ते संपताच ती तडक निघून जाते आणि विजयी मुद्रेने बसलेल्या रिचर्ड बर्टनच्या पेट्रुकियोला तिच्या मागे धावावे लागते.

१९९९ सालच्या ‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’ने पळवाट शोधली नाही, रस्ताच बदलला. गिल जंगर दिग्दर्शित या चित्रपटाची पटकथा कॅरन मॅककुला लुट्झ आणि कर्स्टन स्मिथ या दोन स्त्रियांची. कथा अमेरिकेतील एका शाळेत घडते. शाळेचे नाव पाडुआ, नायकाचे आडनाव व्हेरोना, एवढी मूळ नाटकाची आठवण ठेवली आहे. मूळ नाटकात थोरलीचे लग्न झाल्याशिवाय धाकटीचे नाही, हा बापाचा नियम. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत असा नियम कोण पाळणार? म्हणून बापाला प्रसूतितज्ज्ञ केले. कोवळ्या वयात आई झालेल्या मुली तो रोज पाहतो, आणि घाबरून नियम काढतो: कॅट कुणाबरोबर फिरायला जाईल, तेव्हाच बियांकाला परवानगी. आणि कॅट कजाग का आहे, यालाही कारण दिले. सगळ्या जणी करतात म्हणून एक गोष्ट तिने लहान वयात केली, तिचा पश्चात्ताप झाला. तेव्हापासून लोक म्हणतात म्हणून काहीही करायचे नाही, असे तिने ठरवले. शेक्सपिअरची कॅथरिना जन्मतः तापट आहे की घराने तिला तसे केले, यावर समीक्षक शतकानुशतके वाद घालत आले आहेत. या दोन लेखिकांनी तो वाद चार वाक्यांत मिटवला.

हुंड्याचा लोभ येथे वेगळ्या रूपात येतो. हीथ लेजरने रंगवलेल्या पॅट्रिकला कॅटला फिरायला नेण्यासाठी पैसे दिले जातात. ते तिला कळते तेव्हा चित्रपट काही काळ सुखात्मिका राहत नाही. ज्या माणसावर विश्वास टाकला त्याने भाडे घेऊन प्रेम केले, हा अपमान उपाशी ठेवण्याहून कमी नाही. शेवटी जुलिया स्टाइल्सची कॅट वर्गात स्वतः लिहिलेली कविता वाचते. शरणागतीच्या भाषणाची ती जागा. त्यात आज्ञाधारकपणाचा मागमूस नाही, दुखावले गेल्याची कबुली आहे. तरीही एक तक्रार नोंदवायला हवी. चारचौघांसमोर रडण्याची पाळी येते ती कॅटवरच. पॅट्रिक त्याच पैशांतून तिला गिटार घेऊन देतो आणि सुटतो. आपल्या हिंदी चित्रपटांनी मात्र गर्विष्ठ, श्रीमंत नायिकेला गरीब नायकाने ताळ्यावर आणण्याचा खेळ कितीतरी वर्षे शिट्ट्यांच्या गजरात चालू ठेवला. त्या तुलनेत ही गिटार क्षम्यच म्हणावी लागेल.

‘मच अडू’बाबत थोडक्यात. केनेथ ब्रॅना यांनी १९९३ साली इटलीतील उन्हात न्हालेल्या टस्कनीत ते मूळ भाषेत चित्रित केले. जॉस व्हीडन यांनी २०१२ साली आपल्या राहत्या घरात अवघ्या बारा दिवसांत, कृष्णधवल. दोन्हींत हीरोवर भर लग्नात झालेला खोटा आरोप तसाच आहे, आणि व्हीडनच्या चित्रपटात मोबाईल वापरणारी ही माणसे कौमार्यावरून एवढा गहजब का करतात, हे कोडे उलगडत नाही. २०२३ अखेरच्या ‘एनीवन बट यू’ने हा भाग गाळूनच टाकला. बिआ आणि बेन यांची शाब्दिक चकमक तेवढी उचलली, सिडनीचा समुद्र जोडला, आणि चित्रपटाने बक्कळ पैसा मिळवला. करमणूक झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मूळ नाटकात बिआट्रिस आणि बेनेडिक यांचे प्रेम पक्के होते ते बहिणीची विटंबना झाल्यावर, तिच्यासाठी मित्राशी वैर पत्करायला तो तयार होतो तेव्हा. ती कसोटीच नसली तर दोन देखणी माणसे भांडतात आणि मग भांडत नाहीत, इतकेच उरते. याउलट बीबीसीच्या २००५ सालच्या दूरचित्रवाणी रूपांतरात हीरो शेवटी त्या संशयी तरुणाशी लग्न करायला सरळ नकार देते. चारशे वर्षे प्रेक्षकांच्या मनात असलेली गोष्ट तिने बोलून दाखवली.

शेवट बदलण्याचा हा प्रश्न सर्वांत जास्त चिघळला तो बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून. मराठी वाचकाला हे नाटक पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे (१९७५) आणि भक्ती बर्वे यांच्या मंजुळेमुळे घरचे वाटते. फुले विकणाऱ्या एलिझाला प्राध्यापक हिगिन्स शुद्ध इंग्रजी शिकवतो, सरदारघराण्यातली म्हणून मिरवतो, आणि पैज जिंकल्यावर या मुलीचे आता पुढे काय, याचा विचारही करत नाही. ती त्याला सोडून जाते. शॉ यांच्या दृष्टीने हाच नाटकाचा मुद्दा होता. पण १९१४ च्या लंडनच्या प्रयोगातच हिगिन्सची भूमिका करणाऱ्या बीअरबोम ट्री यांनी पडदा पडण्यापूर्वी एलिझाकडे फुले फेकायला सुरुवात केली आणि शॉ संतापले. दोघांचे लग्न होत नाही, हे पटवण्यासाठी त्यांनी पुढे छापील नाटकाला लांबलचक उपसंहार जोडला. त्यात एलिझाचे लग्न फ्रेडीशी लावून दुकानही काढून दिले. उपयोग झाला नाही. १९३८ सालच्या चित्रपटात एलिझा परत आली. गंमत अशी की, त्याच चित्रपटाच्या पटकथेसाठी शॉ यांना ऑस्कर मिळाले. पुढे ‘माय फेअर लेडी’च्या १९५६ सालच्या संगीतिकेने आणि १९६४ सालच्या चित्रपटाने तिचे परतणे कायम केले. रेक्स हॅरिसनचा हिगिन्स टोपी डोळ्यांवर ओढून सपाता मागतो, ऑड्री हेपबर्न दारात उभी आहे, आणि चित्रपट संपतो. आठ ऑस्कर मिळवलेल्या या चित्रपटाने शॉ यांच्या काट्याला मखमलीत गुंडाळले.

ही कथा अजूनही थांबलेली नाही. सुबोध भावे आणि प्रियदर्शिनी इंदलकर यांचा ‘फुलराणी’ हा मराठी चित्रपट २०२३ साली येऊन गेला. त्याआधी, २०१८ साली, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये ‘माय फेअर लेडी’ पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा दिग्दर्शक बार्टलेट शेर यांनी गाणी तीच ठेवली, संवादही तेच ठेवले. फक्त शेवटी एलिझा हिगिन्सच्या गालाला हात लावते, वळते, रंगमंचावरून खाली उतरते आणि प्रेक्षकांच्या रांगांमधून चालत नाट्यगृहाबाहेर निघून जाते.